उजव्या कानाचा रेफरन्स

पेन्सिलनं चेहरे काढायला लागून मला आता सहा वर्षं होतील, आणि या सहा वर्षांत सगळ्यात जास्त वेळ मला कशानं खाल्ला असेल तर एका कानानं. डोळे नाहीत, ओठ नाहीत, केस पण नाहीत. कान. तो पण उजवा. त्याचीच गोष्ट सांगायची आहे, पण त्याआधी थोडं इकडचं तिकडचं, नाहीतर एका कानासाठी हा माणूस एवढा का धावला ते कळायचं नाही.

मी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, आलं की मापं घ्यायची, ड्रॉइंगशी जुळवायची, जुळलं तर ओके नाहीतर रिजेक्ट. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, त्यातली इंटरमिजिएट सी ग्रेडनं. बास. आणि अशा माणसानं कोल्हापुरात 'मी चित्रं काढतो' म्हणायचं म्हणजे जरा जपूनच म्हणावं लागतं. इथं आबालाल रहिमान होऊन गेले. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू होऊन गेले, त्यातल्या बाबूरावांनी तर सिनेमाचा कॅमेराच स्वतः बनवला आणि आपल्या सिनेमांची पोस्टरं पण स्वतःच रंगवली. खरी कॉर्नरला त्यांच्या आठवणीचा कॅमेरा स्तंभ आहे, त्याच्या बाजूनं गाडी घालताना कधी सिग्नलच्या गडबडीत लक्ष जात नाही, पण गेलं की पाठीवरच्या सॅकमधलं स्केचबुक जरा जड वाटतं खरं. इथं दर तिसऱ्या घरात कोण ना कोण पेंटर, मूर्तिकार नाहीतर बोर्ड रंगवणारा. आमच्या गल्लीत गणपतीच्या आधी मूर्तीच्या डोळ्यांवर चर्चा होते, आणि ती चर्चा करणारे लोक भाजी विकणारे, रिक्षावाले असतात. तुम्ही चेहरा काढून दाखवला की 'छान' कोणी म्हणत नाही. 'डावा डोळा जरा उचललाय काय रे?' असं म्हणतात. आणि तो उचललेला असतोच!

तर मी फोटोवरून काढतो. समोर माणूस बसवून काढायची माझी हिंमत नाही, सवड पण नाही, आणि शिफ्ट संपवून रात्री साडेनऊला कोण येऊन बसणार माझ्यासमोर? फोटो बसतो बिचारा गप. सुरुवातीला मला वाटायचं की हे काम माझ्यासाठीच आहे कारण यात मापं आहेत. ग्राफ टाकायचा म्हणजे काय, तर फोटोवर बारीक चौकोन आखायचे, कागदावर तेवढेच मोठे चौकोन आखायचे आणि एका चौकोनात जे आहे ते दुसऱ्यात उतरवायचं. जुने बॅनर रंगवणारे पेंटर भिंतीएवढे चेहरे असेच चढवायचे. पासपोर्ट साइजचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर असतो. त्यावर ५ मिलिमीटरचे चौकोन टाकले की आडवे ७, उभे ९, एकूण ६३ होतात. आणि ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद, म्हणजे बरोबर सहा पट! प्रत्येक चौकोन ३० मिलिमीटरचा करायचा आणि खाली वर मिळून २७ मिलिमीटर कागद उरतो, तो सही करायला. हे गणित जमलं तेव्हा मला जो आनंद झाला तो पुढं एकाही चित्राला झाला नाही, खरं सांगतो.

पहिलं पोर्ट्रेट वडिलांचं काढलं. प्रत्येक चौकोन व्हर्नियरनं तपासून. आईला दाखवलं तर ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "कोण आहे पण हे? ओळखीचं वाटतंय." वडील शेजारीच बसले होते. माप सगळं ओके, माणूस रिजेक्ट.

नंतर हळूहळू कळत गेलं की मी रेषा मोजत होतो आणि चेहरा रेषांचा नसतोच. चेहऱ्यावर रेषा फार थोड्या, बाकी सगळा उजेड आणि सावली. नाकाला बाजूनं रेघ मारली की नाक चिकटवल्यासारखं दिसतं. डोळे बारीक करून फोटोकडं बघायचं, म्हणजे बारकावे पुसट होतात आणि नुसते काळे पांढरे पट्टे दिसतात, ते पट्टे आधी बसवायचे. फोटो उलटा धरून काढायचा, कारण सुलटा धरला की डोकं 'हा डोळा' म्हणतं आणि आपल्या मनातला बदामाच्या आकाराचा डोळा काढून मोकळं होतं. आणि डोळे डोक्याच्या मधोमध असतात हे पण मला वयाच्या तिशीनंतर कळलं. वरचं कपाळ आणि केस आपण हिशोबात धरतच नाही, सगळ्यांची चित्रं म्हणून कपाळ कापल्यासारखी होतात.

सामानाचं जास्त काही सांगत नाही. अप्सरा, नटराजवर पण चांगलं काम होतं, दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत हे कळल्यावर आमच्या घरातलं एक जुनं भांडण मिटलं. आता स्टेडलरच्या चार-पाच पेन्सिली आहेत, २एच (कडक, फिकट) पासून ८बी (मऊ, काळी) पर्यंत. एक मळायचा रबर घ्या, कणकेसारखा असतो, पुसायचं नसतं त्यानं, नुसतं टेकवून उचलायचं की तेवढा काळेपणा उठून येतो. आणि बोटानं घासू नका. बोटाला तेल असतं, त्याचा डाग कागद धरतो आणि मग तिथं काळं सगळीकडं सारखं बसत नाही. मी फाउंड्रीच्या कास्टिंगमध्ये वाढलेला माणूस, बोटं काळी करायची सवय, त्यामुळं हे सुटायला मला वर्ष लागलं. एक गंमत मात्र सांगतो. पेन्सिलीतलं 'शिसं' हे शिसं नसतंच, ग्राफाइट आणि माती भाजून केलेली कांडी असते. फ्रान्सला युद्धामुळं इंग्लंडचं ग्राफाइट मिळेना तेव्हा कॉन्टे नावाच्या माणसानं १७९५ च्या सुमाराला ही रीत बसवली. माती जास्त घातली की पेन्सिल कडक आणि फिकट, कमी घातली की मऊ आणि काळी. आणि आमच्याकडं जे ग्रे आयर्न ओततात त्याच्यात पण ग्राफाइटच असतं, मायक्रोस्कोपखाली बघितलं की काळ्या वळवळत्या चिंध्यांसारखं दिसतं. दिवसा लोखंडातलं ग्राफाइट बघायचं आणि रात्री कागदावर घासायचं, नशीब एकेकाचं.

आता फोटोचं. फोटो खोटं बोलतो हे मी मानायला तयार नव्हतो, कारण फोटो म्हणजे माझ्या दृष्टीनं ड्रॉइंग, त्याच्याशी जुळवायचं. पण हातभर अंतरावरून काढलेला सेल्फी बघा. नाक कॅमेऱ्याच्या जवळ, कान लांब, त्यामुळं नाक मोठं होतं आणि कान मागं पळतात. तेच चार-पाच फुटांवरून कोणीतरी काढलेला फोटो आणि तो सेल्फी शेजारी ठेवा, दोन भाऊ वाटतात. शिवाय मोबाईल गाल गुळगुळीत करून देतो ते वेगळंच. व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेला फोटो मोठा केला की पापण्यांच्या जागी चौकोनी ठोकळे. आणि जुने फोटो तर खरे असतील असं मला वाटायचं, तर जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं रिटचिंग करायचे! सुरकुती फोटोत काळी म्हणजे निगेटिव्हवर उजळ, ती पेन्सिलनं भरली की फोटोत गायब. म्हणजे मी ज्या आजोबांच्या फोटोवरून पेन्सिलनं पोर्ट्रेट काढत होतो त्या फोटोत माझ्या आधी एकजण पेन्सिल फिरवून गेलेला होता.

तर गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी काकी आल्या. काकी म्हणजे आईची मैत्रीण, आमच्या नात्यातल्या कोणी नाहीत पण लहानपणापासून काकीच. सुतारवाड्यात राहतात. कोल्हापूरकरांना सुतारवाडा म्हटलं की पुढचं सांगायला लागत नाही, पंचगंगेचं पाणी गावात शिरायला लागलं की पहिल्यांदा माणसं हलवतात ती तिथली. बाहेरच्यांसाठी सांगतो, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका. २०१९ ला ते ५५ फुटांच्या वर गेलं होतं.

काकींनी पिशवीतनं एक पेपरात गुंडाळलेली फ्रेम काढली. "मी काय म्हणतो, तू चित्रं काढतोस न्हवं? आमच्या मालकांचं काढ की एक. पोराच्या लग्नात ठेवायला पाहिजे."

पोराचं लग्न मे महिन्यात. मालक म्हणजे काका, २०११ ला गेले. फ्रेममध्ये त्यांचा २००८ सालचा फोटो, पुतणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला, चार बाय सहा इंची. तो २०१९ च्या पुरात भिंतीवर होता. पाणी उतरल्यावर कोणीतरी फोटो काचेवरनं ओढून काढला आणि अर्धा चेहरा काचेलाच राहिला. रंगीत फोटोवर जिलेटिनचे थर असतात, भिजले की फुगतात आणि ज्याला टेकतील त्याला चिकटतात, आणि वरचे थर निघून गेले की खालचा पिवळा तेवढा मागं राहतो. काकांच्या चेहऱ्याची उजवी बाजू अशी आधी तांबूस, मग पिवळी, मग सरळ पांढरी झालेली. (तुमचे कोणाचे फोटो असे काचेला चिकटले असतील तर वाळल्यावर ओढू नका. काचेसकट स्वच्छ गार पाण्यात भिजत ठेवा आणि आपोआप सुटायची वाट बघा. सगळेच सुटतात असं नाही, पण ओढल्यावर तर नक्कीच फाटतो.)

"दुसरा फोटो नाही काय काकी?"

दुसरा होता. पूर येणार म्हटल्यावर पहिल्यांदा उचलायची एक रेक्झिनची पिशवी असते त्यांच्याकडं, त्यात रेशनकार्ड, घरफाळ्याच्या पावत्या आणि काकांचं एक जुनं पासबुक. त्यावर पासपोर्ट साइजचा काळा पांढरा फोटो, काका तिशीचे, मिशी काळीभोर, नजर अशी की फोटोग्राफरलाच आव्हान दिलंय. फोटो पाण्यातनं वाचलेला होता पण शिक्क्यातनं वाचला नव्हता. शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा पानावर मारायची पद्धत असते ना, त्यामुळं तो गोल जांभळा शिक्का बरोबर उजव्या गालाच्या कडेवर आणि कानावर बसलेला.

म्हणजे दोन फोटो, वीस वर्षांच्या अंतराचे, आणि दोन्हीत उजवा कान नाही.

पोरानं आधी मोबाईलवर एआयनं फोटो दुरुस्त करून बघितला होता. तो पण दाखवला मला. गाल गुळगुळीत, फेट्याला चकाकी, दोन्ही कान एकदम छान जुळे. काकी म्हणाल्या, "हे कोण हीरो आणलंय कुणास ठाऊक. लग्नात नवरा कोण आणि बाप कोण कळायचं नाही."

मी हो म्हणालो. आता वाटतं जरा विचार करून म्हणायला पाहिजे होतं.

पहिली आयडिया माझ्या डोक्यात आली ती कोणाच्याही येईल. डावी बाजू चांगली आहे, ती आरशासारखी उलटी करून उजवीकडं लावायची. मोबाईलवर करून बघितलं. काका एकदम देवळातल्या मुखवट्यासारखे दिसायला लागले, बघवेना. कोणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात हे वाचलेलं होतं पण पैलवानाच्या चेहऱ्यावर हे जास्तच दिसतं. हो, सांगायचं राहिलं, काका पैलवान होते. फार मोठ्या कुस्त्या नव्हेत, पण तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस. नाक एकदा मोडून बसवलेलं, किंचित उजवीकडं झुकलेलं. आरशानं ते सरळ केलं आणि काका गेले.

मग दोन फोटो जोडायचे ठरवलं. इथं माझी नोकरी कामाला आली बघा. माणूस जाड होतो, गाल उतरतात, पण डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसात बदलत नाही. पासबुकच्या फोटोत ते ८.८ मिलिमीटर भरलं, सहा पट केलं की ५२.८. पुरातल्या फोटोत बरोबर १४, म्हणजे तो पावणेचार पटीपेक्षा एक केस जास्त मोठा करायचा. दोन्ही एकाच मापावर आणले आणि मग नाकापासून उजव्या गालाच्या हाडापर्यंतचं अंतर पासबुकमधनं घेतलं, मांस आणि वय पुरातल्या फोटोतनं. पण उजेड जुळेना. लग्नातल्या फोटोत मांडवाची एक बाजू उघडी, ऊन काकांच्या डाव्या गालावर, म्हणजे गेलेली सगळी बाजू सावलीची. आणि स्टुडिओवाल्यानं लाईट लावलेला उजवीकडनं. नाकाच्या शेंड्यापर्यंत एक सूर्य आणि पुढं दुसरा. दोन फोटो जोडून काढलेली कितीतरी पोर्ट्रेट बघतो मी आता, जोडप्यांची तर हमखास, नवरा सकाळचा आणि बायको संध्याकाळची. शेवटी पासबुकमधला उजेड मी घेतलाच नाही, नुसता आकार घेतला आणि सावली मनानं बसवली. त्यासाठी एक रात्रभर टेबल लॅम्प डावीकडं ठेवून आरशात स्वतःचाच उजवा गाल बघत बसलो होतो. बायको मध्ये पाणी प्यायला उठली, बघितलं, काही न बोलता परत जाऊन झोपली.

आणि कान काढला मी माझाच. चांगला जमला होता, पाळी, आतली वळणं, सावलीत हलका. नुसतं आऊटलाईन आणि थोडं शेडिंग झाल्यावर काकींना बोलावलं दाखवायला, कारण पूर्ण झाल्यावर दाखवलं की दुरुस्ती करता येत नाही, ग्राफाइट कागदात बसलं की निघत नाही.

काकींनी बघितलं. डोळे बघितले, मिशी बघितली, "मिशीचं टोक ह्या अंगाला जरा खाली होतं, सुपारी त्याच बाजूला धरायचे" म्हणाल्या. मग थांबल्या. मग म्हणाल्या, "आणि कान रं? ह्यांचा कान मोडलेला होता की."

आता बघा, त्या माणसाला मी लहानपणापासून बघितलेलं. त्यांच्या सायकलवर पुढं बसून रंकाळ्यावर गेलेलो. आणि मला त्यांचा कान आठवत नव्हता! दोन फोटोंत नव्हता म्हणून मी तो नाहीच असं धरून चाललो. फोटोत जे नाही ते माझ्या ड्रॉइंगमध्येच नव्हतं.

मोडलेला कान माहीत नसेल त्यांच्यासाठी. कुस्तीत कान सारखा घासला, दाबला जातो, आत कूर्चा आणि तिच्यावरच्या आवरणाच्या मध्ये रक्त साचतं, कूर्चेला आवरणातनं मिळणारं रक्त तुटतं, आणि वेळेवर ते साचलेलं काढलं नाही तर तिथं गाठ होऊन कान कायमचा आकसतो. पैलवान लोक त्याची लाज बाळगत नाहीत, उलट आहे. पण तो काढायचा कसा? प्रत्येकाचा वेगळा मोडतो. नेटवर परदेशी पैलवानांचे ढीगभर फोटो मिळाले, एकाचा कान पळीसारखा तर एकाचा शेंगदाण्यासारखा, त्यातला काकांचा कोणता?

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून काका जायचे त्या तालमीत गेलो. संध्याकाळची वेळ, पोरं जोर मारत होती, लाल मातीचा तो वास, ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेला, तो एकदा नाकात बसला की घरी जाईपर्यंत राहतो. वस्ताद कट्ट्यावर बसलेले, सत्तरीचे असतील. मी काय सांगावं कळेना, शेवटी सरळ म्हटलं, "वस्ताद, मला कान बघायचेत."

"भरती व्हायचं वय गेलं की तुझं."

सगळं सांगितलं. काकांचं नाव घेतल्यावर वस्ताद जरा सरळ बसले. दोन पोरांना हाक मारली, कान दाखवा म्हणाले यांना, आणि ती पोरं अशी मान वळवून उभी राहिली की जणू पदक दाखवतायत. मग वस्तादांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिच्या मागच्या टोकानं एका पोराच्या कानावर दाखवायला लागले. "ह्याचा सगळा गेलाय. त्याचा असा नव्हता. त्याचा वरचा मोडला होता, हितनं हितपर्यंत, पाळी चांगली होती. बाळी होती की पाळीला, भिकबाळी न्हवं, साधी. आणि भोक बारीक झालं होतं आत, त्या कानानं कमी ऐकायचा. म्हणून तर मान अशी धरायचा."

आणि वस्तादांनी मान डावीकडं एवढीशी तिरकी करून दाखवली, उजवा कान मागं आणि डावा पुढं. मला एकदम काका दिसले. लग्नाच्या फोटोत पण मान तशीच होती. मी ती फोटोग्राफरनं सांगितलेली पोझ समजत होतो, आणि पासबुकशी जुळवायला मी ती ग्राफमध्ये तीन-चार अंशांनी सरळ करून टाकली होती!

दुसऱ्या पोराला दाराशी उभं केलं, उजेड डावीकडनं येईल असा, चार फुटांवरनं फोटो काढले. चांगले नऊ-दहा काढले. पोरगं म्हणालं, "दादा, मला पण काढा की एकदा, कानासकट."

घरी येऊन मान परत तिरकी केली. म्हणजे काय, तर सगळं पुन्हा. नवा कागद, नवे चौकोन, अठरा रात्री. कान सगळ्यात शेवटी. मोडक्या कानात वळणं नसतात, नुसते उंचवटे, त्यामुळं रेघ मारायला काही मिळतच नाही. ४बी नं सावलीचा भाग भरायचा, मळायचा रबर टोकदार करून उंचवट्यावर टेकवायचा, परत २एच नं कडा बुजवायच्या. सावलीतला कान आहे हे सारखं स्वतःला सांगावं लागत होतं, कारण एवढ्या मेहनतीनं मिळवलेली गोष्ट ठळक करायचा मोह होतो, आणि ठळक केला असता तर चित्र कानाचंच झालं असतं. सरकारी कचेरीत शिवाजी महाराजांचं जे अधिकृत चित्र असतं ते आमच्या कोल्हापूरच्या जी. कांबळेंनी काढलेलं. त्या माणसापुढं फोटो नव्हता, असूच शकत नव्हता. मी एका कानासाठी एवढं धावलो तेव्हा त्यांचा विचार बऱ्याच वेळा आला डोक्यात, पुढं काही सुचलं नाही, नुसता आला.

एप्रिलच्या शेवटी दिलं. काकींनी चष्मा पुसला, घातला, आणि सगळ्यात आधी कानच बघितला. मग मान. मग बराच वेळ काही नाही. नंतर म्हणाल्या, "आता मी ह्यांच्यापेक्षा म्हातारा दिसतो." आई हसली, त्या पण हसल्या. पैसे द्यायला लागल्या, मी नको म्हणालो, शेवटी फ्रेमचे तेवढे घेतले आणि वर एक किलो तांबडी चटणी, ती अजून पुरतीय.

लग्नात चित्र खुर्चीवर होतं, हार घातलेलं. हार बरोबर उजव्या कानावरनं गेला होता. मी दोनदा जाऊन सरकवला.

नंतर जूनमध्ये भिंतीवर लावायला मलाच बोलावलं, ड्रिल मशीन घेऊन ये म्हणाल्या. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ रंग मारला तरी अजून जराशी दिसते, माझ्या डोक्याच्या वर आहे. मी नेहमीच्या उंचीला खूण केली. काकी म्हणाल्या वर. थोडी वर घेतली. "आणखी वर." असं करत करत स्टुलावर उभं राहून पार ट्यूबलाईटच्या शेजारी भोक पाडलं. आता ग्राफाइटचा एक दोष असतो, गडद बसलं की ते चकाकतं, उजेड समोरनं पडला की काळा भाग काळा न दिसता चंदेरी दिसतो, आणि वर काच. खाली उतरून बघितलं तर ट्यूब बरोबर काकांच्या उजव्या बाजूवर चमकत होती. फेटा दिसतोय, डोळे दिसतायत, कानाच्या जागी नुसता पांढरा पट्टा.

"काकी, खाली घेऊया की जरा, कान दिसत नाही ओ."

"असू दे," काकी म्हणाल्या, "पाणी येतंय हितं."